परंपरेला दोन हात वार्निश

जरा इकडे या. त्या मिक्सरकडे नका बघू, त्याला गुरगुरण्यापलीकडे काही येत नाही. त्याच्या शेजारी ओट्यावर काळा दगडी खल दिसतोय ना, तो मी बोलतोय. घाई असेल तर खुशाल पुढे जा. मला घाईने काही सांगता येत नाही, दगडाची जात आहे.

एका पाथरवटाने मला घडवलं. चार दिवस बाहेरून ठोकलं, आठ दिवस आतून. मग टाकी घेऊन माझ्या पोटात बारीक बारीक खाचा पाडल्या आणि घ्यायला आलेल्या बाईला म्हणाला, "हे याचे दात बरं का. झिजले की घेऊन या, पुन्हा टाकी लावून देईन. गुळगुळीत खल आणि बोळकं तोंड, दोन्ही सारखंच."

ती बाई कारखान्यातल्या कामगारांची खानावळ चालवायची. तिच्या हाताखाली तिची मुलगी वाटायला शिकली. आई गेली, खानावळ मिटली, तेव्हा मुलीने भांडीकुंडी वाटून टाकली आणि मला तेवढं पिशवीत घालून मोठ्या शहरात कामाला आली. आता तिचेही केस पिकलेत. सगळे तिला मावशी म्हणतात.

मावशीला काम मिळालं ते एका फार पुढारलेल्या हॉटेलात. मालक कुठल्या कुठल्या दूरच्या देशांत नऊ दिवस फिरून आले होते. येताना एक टोपी आणली आणि एक आख्खी पाकसंस्कृती. पाटीवर लिहिलं 'लॅटिन फ्यूजन'. भिंतींना गिलावा नव्हता. मला वाटलं, बिचाऱ्यांचा राहून गेला असेल. नंतर कळलं, तो न करायला खास माणूस बोलावला होता. खुर्च्या इतक्या उंच की भल्याभल्यांचे पाय लोंबकळायचे. ताट एवढं मोठं की त्यात तान्हं मूल झोपवावं, आणि मधोमध घास एवढा की त्या मुलालाही पुरू नये.

माणसं हौशी. ताट आलं की आधी फोन जेवायचा, मग माणूस. तोवर अन्न गार. "मासा गार आहे हो," अशी तक्रार आली, तेव्हा मालकांनी मासा गरम केला नाही, मेनूत त्याचं नाव बदलून 'निद्रिस्त सागर' केलं. त्यानंतर कुणी तक्रार केली नाही. झोपलेल्याला कोण उठवणार?

मी आत, भांडी घासायच्या जागेजवळ असायचो. कामगारांच्या जेवणासाठी मावशी माझ्यात भाजलेला टोमॅटो, लसूण आणि मिरची वाटायची. एकदा मालकांनी बोट बुडवून चाखलं. दुसऱ्या दिवशी ते मेनूवर होतं: 'पूर्वजांच्या अग्नीचा साल्सा'.

"कुणाचे पूर्वज?" मावशीने विचारलं.

"कुणाचेही. लिहायला बरं दिसतं."

पण त्या वाटणावर गिऱ्हाइकं तुटून पडायला लागली, एवढं खरं. मग मालकांनी मावशीला शब्द दिला. शहरात एक मोठे खाद्यसमीक्षक होते. खिशात स्वतःचा चांदीचा चमचा ठेवायचे, म्हणून आमच्या भटारखान्यात त्यांना चमचेसाहेब म्हणत. "त्यांनी चांगलं लिहिलं ना मावशी, की तुम्ही मुख्य आचारी."  त्या दिवशी कांदे चिरताना मावशी स्वतःशीच हसत होती. कांद्यापुढे हसणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली सोललं, चिरलं, वाटलं. आपली म्हणावी अशी चूल तिला कधी मिळाली नव्हती.

आणि मग सजावटवाले आले. मावशी दोन दिवस रजेवर होती. मला उचलून, फिरवून ते म्हणाले, "फोटोत अगदीच मेल्यासारखा दिसतो हो." तिथल्या तिथे मला आतून-बाहेरून वार्निशचे दोन हात दिले. माझे सगळे दात बुजले. मी आरशासारखा चमकायला लागलो. जो येई तो माझ्यात वाकून स्वतःचे केस सारखे करी.

मावशी आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. "अहो, हा खल आहे, कपाट नव्हे! यात आता वाटायचं काय, चेहरा?"

"वाटायचं मिक्सरमध्ये," मालक म्हणाले. "यात फक्त ओतायचं. वेटर टेबलावर बत्ता तीनदा फिरवेल. चमचेसाहेब येऊन जाऊ देत, मग काढू की खरवडून."

मावशी रोज माझ्यात केळीचं पान घालायची, वाटणाला वार्निश लागू नये म्हणून. वेटर बत्ता तीनदा फिरवायचा आणि म्हणायचा, "जपून हं, परंपरा गरम आहे." लोक टाळ्या वाजवायचे. मिक्सर आत एकटाच घाम गाळत असायचा.

एका दुपारी चमचेसाहेब आले, सोबत त्यांची म्हातारी आई. मालक इतके वाकले की टोपी पडली. आज त्यांनी स्वतः वाढायला घेतलं. पान ओढून फेकलं, दगड दिसायला नको का! उकळतं वाटण थेट माझ्या पोटात ओतलं. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

चमचेसाहेबांनी वाकून वास घेतला. डोळे मिटले. "अहाहा! काहीतरी प्राचीन आहे यात. जुन्या जहाजाचं लाकूड... दूरचा धूर..." वहीत भराभर तीन ओळी लिहिल्या. "कुणी केलंय हे?"

मालकांनी मावशीला बोलावलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या आमच्या मुख्य आचारी."

झालं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो शब्द भर हॉटेलात बोलला गेला. मावशीने पदर सारखा केला. तेवढ्यात तिला वास आला. तिने माझ्याकडे पाहिलं. पान नव्हतं.

चमचेसाहेबांनी चमचा भरून आईपुढे धरला. "आई, आधी तू घे."

म्हातारीने तोंड उघडलं. मावशी एक क्षण, एकच क्षण, नुसती उभी राहिली. मग तिने चमचा धरला. "थांबा आजी. साहेब, हा धूर नाही. वार्निश आहे. दाराखिडक्यांना लावतात ते."

 मग म्हातारी म्हणाली, "तरीच! मला मघापासून आपल्या नव्या कपाटाची आठवण येतेय."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"तू डोळे मिटले होतेस, बाबा. म्हटलं, यातलं तुला कळतं."

मालक दात आवळून म्हणाले, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

"बरं," म्हणून तिने वाटण मोरीत ओतलं आणि मला काखेत घेतलं.

"अहो, तो कुठे नेताय? मेनूवर फोटो आहे त्याचा!"

"फोटो ठेवा की तुम्ही. तुमचं त्याच्यावरच भागतं."

चमचेसाहेबांनी पुढे छापलं ते फक्त हॉटेलातल्या उजेडाबद्दल. उजेड फारच चविष्ट होता म्हणे.

मावशी आता एका कचेरीच्या उपाहारगृहात आहे. तिसऱ्या नंबरची मदतनीस. तिला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्याच सुट्टीला ती मला टाकी लावायला घेऊन गेली. माझा पाथरवट राहिला नाही, त्याच्या नातवाने ठोकलं. दुखलं, पण दात आले.

तरी खोल खाचांत थोडं वार्निश अडकलेलं आहेच. म्हणून मावशी रोज सकाळी माझ्यात मूठभर तांदूळ रगडते, पीठ उजेडात धरून बघते आणि टाकून देते. ते अजून जरा पिवळट निघतं. इथले लोक विचारतात, "मावशी, एवढा सुंदर खल आणि वापरत का नाही?" ती म्हणते, "अजून नाही."

तेव्हा तुम्हालाही हात जोडून सांगतो, इतक्यात माझ्यातलं काही मागू नका. कितीही आग्रह झाला, कुणी कितीही डोळे मिटून वाखाणलं, तरी नका. पीठ पांढरंशुभ्र निघालं की मावशी स्वतः वाढेल. आजचं कालच्यापेक्षा पांढरं होतं.