किडा

"फार लवकर सुरू होतो हो," काकू म्हणाल्या.

डॉक्टरने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. इतक्या वर्षांत संगणकाबद्दल त्याने नाही नाही त्या तक्रारी ऐकल्या होत्या. मंद चालतो, मध्येच झोपतो, पडदा निळा पडतो. एका आजोबांचा तर म्हणे त्यांच्याकडे रोखून बघायचा. पण लवकर सुरू होतो, हे गाऱ्हाणं पहिलंच. त्यातही काकूंनी पंधरा दिवसांत त्याला तिसऱ्यांदा बोलावलं होतं आणि तिन्ही वेळा यंत्रात खोट काढायला जागा सापडत नव्हती.

'डॉक्टर' ही पदवी त्याला शेजारपाजाऱ्यांनी बहाल केलेली. आधी तो रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही. लोक ते दुरुस्त करायच्या ऐवजी फेकून द्यायला लागले तेव्हा तो संगणकाकडे वळला. ब्रश, ब्लोअर, चार वायरी आणि एक जाडजूड वही एवढा त्याचा दवाखाना. वहीत प्रत्येक घराचं वेगळं पान होतं: तारीख, तक्रार, काय काढलं, काय बसवलं. कामात तो चोख होता, जरा जास्तच चोख. इतर मेकॅनिक कचरा काढून मोकळे होतात, हा कचऱ्याची जागासुद्धा पुसून घ्यायचा. एकदा काढलेली फाइल परत म्हणून सापडता कामा नये. "संगणक म्हणजे काय, स्वयंपाकघरच," असं तो ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत असे.

त्याने काकूंना धीराने समजावलं. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या सांगण्यावरून त्याने जुना अँटिव्हायरस काढून नवा घातला होता. त्यामुळे यंत्र हलकं झालं, म्हणून पटकन उघडतं. ही तक्रार नव्हे, हे कौतुक आहे. काकूंनी मान डोलावली, पण ती पटल्याची नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या खुर्चीमागे उभ्याच राहिल्या.

स्पीकरच्या डब्यावर गोळ्यांची पट्टी पडली होती. प्रत्येक गोळीखाली वार छापलेला. सोमवार फुटलेला होता, मंगळवार-बुधवार शाबूत, गुरुवार फुटलेला, शुक्रवार शाबूत. आणि आज शनिवार. डॉक्टरच्या आईला रक्तदाबाची हीच गोळी होती, म्हणून त्याने ती ओळखली. तो सहज म्हणाला, की काकू, ही रोज घ्यायची असते, मध्ये दिवस सोडून नाही.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "आता विचारत नाही ना."

"कोण?"

काकूंनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि मग त्यांनाच लाज वाटली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. काकूंचे यजमान पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. निवृत्त झाल्यावर पुस्तक समोर ठेवून संगणक शिकले. काकू सकाळी उठल्या की पत्त्यांचा खेळ खेळायला संगणकापुढे बसायच्या आणि गोळी राहून जायची. रोज त्यावरून वाद व्हायचा. शेवटी यांनी महिनाभर खपून एक युक्ती केली. संगणक सुरू झाला की आधी एक छोटी चौकट यायची: गोळी घेतलीस का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. 'नाही' दाबलं तर दुसरी चौकट यायची: मग आधी घे. मी थांबतो. आणि खरंच थांबायचा. 'हो' दाबेपर्यंत काही केल्या पुढे जायचा नाही.

"हे जाऊन दोन वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "पण रोज सकाळी विचारायचे. मीही कधी खोटं 'हो' दाबलं नाही."

परक्या माणसाला हे सांगायचं कसं, म्हणून त्या दोन वेळा नुसतंच 'पूर्वीसारखा सुरू होत नाही' म्हणाल्या होत्या. आता सांगून झाल्यावर त्यांना मोकळं वाटलेलं दिसलं. डॉक्टरने मात्र वही जवळ ओढली. त्या फाइलला काही नाव होतं का, असं त्याने विचारलं.

"किडा," काकू हसून म्हणाल्या. "तुमच्या डोक्यात रोज एक नवा किडा वळवळतो, असं मी म्हणायचे ना. म्हणून मुद्दाम तेच नाव ठेवलं."

वही उघडायची गरजच नव्हती, तरी त्याने उघडली. काकूंच्या पानावर त्याच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'काढले: जुना अँटिव्हायरस, जाहिरातींचा कचरा, किडा (१).' त्याला सगळं आठवलं. त्या दिवशी तो आला तेव्हा संगणक आधीपासून चालूच होता, त्यामुळे चौकट त्याने पाहिलीच नव्हती. नव्या अँटिव्हायरसने एक फाइल अनोळखी म्हणून पुढे केली आणि हिचं काय करू, असं विचारलं. अँटिव्हायरसने तरी विचारलं होतं. याने नाव वाचलं, मोठ्यांदा हसला आणि 'कायमची काढा' दाबलं. घरी जेवताना बायकोला सांगितलंसुद्धा, की आज पहिला प्रामाणिक व्हायरस भेटला, दारावर नावाची पाटी लावून बसला होता. दोघं पोट धरून हसली होती.

तो तासभर झटला. हरवलेल्या फाइली शोधून काढणारे जेवढे उपाय त्याच्याकडे होते तेवढे त्याने करून पाहिले. लग्नाची जुनी आमंत्रणं सापडली, विजेच्या बिलाबद्दलचं तक्रारपत्र सापडलं, किडा सापडला नाही. कसा सापडणार? जागा पुसून घेणारा हाच होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या चोख कामाचा राग आला.

"व्हायरसने खाल्लं असेल का हो?" काकूंनी विचारलं.

या धंद्यात हे वाक्य म्हणजे देवाने दिलेली सोय आहे. मेकॅनिकच्या हातून काहीही उडालं तरी बिल व्हायरसच्या नावावर फाडता येतं, आणि व्हायरस काही भांडायला येत नाही. डॉक्टरनेही ते अधूनमधून फाडलं होतं, कबूल करायला हरकत नाही. आताही नुसतं 'हो' म्हटलं की झालं. काकूंनी व्हायरसला चार शिव्या दिल्या असत्या आणि याला चहा दिला असता.

"नाही काकू," तो म्हणाला. "मी काढला. नाव बघून वाटलं, व्हायरसच आहे. आता परत मिळणार नाही."

काकू खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

"मी आतच होते की," त्या म्हणाल्या. "एकदा मला विचारायचं होतंत."

ओरडल्या असत्या तर सोसलं असतं. तो मान खाली घालून वायरी गुंडाळायला लागला, मग थांबला. म्हणाला, की तशीच चौकट मी करून देऊ शकतो, पण ती त्यांची नसेल.

"त्यांची नसेलच," काकू म्हणाल्या. "पण करा."

काम अर्ध्या तासाचं होतं. त्याने चौकट आखली, बटणं बसवली आणि वर अक्षरं टाइप केली: गोळी घेतलीत का?

काकूंनी डोळ्यांवर चष्मा चढवून वाचलं.

"'घेतलीत' नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "'घेतलीस'."

डॉक्टरचा हात कीबोर्डवरून उचलला गेला. एका अक्षराचा तर फरक, पण आईच्या वयाच्या बाईला ते अक्षर लिहिणारा तो कोण? तो उठला आणि त्याने खुर्ची काकूंकडे सरकवली. काकू बसल्या. एका बोटाने त्यांनी त खोडला, स शोधायला वेळ लागला, सापडला, तो दाबला. दुसऱ्या चौकटीतली वाक्यंही त्यांनीच लिहिली. त्याने विचारलं, नाव काय ठेवू? काकू म्हणाल्या, तेच.

त्याने वहीत लिहिलं: 'बसवला: किडा. कोणीही काढू नये.' खाली रेघ ओढली. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

चौकट आली. गोळी घेतलीस का?

काकूंनी पट्टीकडे पाहिलं आणि 'नाही' दाबलं. मग पट्टी उचलून त्या आत गेल्या. आतून नळाचा आवाज आला, भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. डॉक्टरची बॅग खांद्याला लागली होती आणि पुढच्या घरी त्याची वाट बघत होते. पडद्यावर लिहिलेलं होतं: मग आधी घे. मी थांबतो.

तोही थांबला.