शिट्टी वाजली की पळायचं

डावा पाय मागे दुमडून पट्ट्यानं मांडीला करकचून बांधलेला, वरून पांढरा अंगरखा, काखेत कुबडी. अशा थाटात तामेकिची लाकडांच्या वखारीमागून टुणूक टुणूक पुलावर भीक मागायला आला. बर्मात पाय गमावलेला शूर सैनिक! खरं तर सगळी लढाई त्यानं मायदेशातच, कुरे बंदराच्या छावणीत मुळे सोलत काढली होती.

पुलावर कुराता अकॉर्डियन वाजवत बसला होता. त्याचा पाय मात्र खरोखरच बर्मात राहिला होता. दोन वर्षं दोघं शेजारी बसत. कुराता आपल्यातला अर्धा भात त्याला द्यायचा, संध्याकाळी चोळायला तेल द्यायचा. गेलेल्या पायाला तेल! तामेकिची मनातल्या मनात खिदळायचा.

आज पुलावर सिनेमावाले आले होते. त्यांच्या जेवणाच्या डब्यांतून तळलेल्या डुकराच्या मांसाचा वास सुटला होता. गोल टोपीवाला दिग्दर्शक तामेकिचीकडे बघतच राहिला.

"काय झकास लंगडतोस रे! आमच्या नटाला जमेना बघ. पण तुझा उपयोग नाही."

"का हो साहेब?"

"आम्हाला तोतया हवाय. पोलिसाची शिट्टी वाजली की पाय सोडायचा आणि धूम ठोकायची. लोक पोट धरून हसतील. तुला कुठला दुसरा पाय!"

तामेकिचीनं डब्यांकडे बघितलं, मग कुराताकडे.

"घ्या त्याला," कुराता वाजवता वाजवता म्हणाला. "पळतो छान."

"कुरातादादा..."

"मागच्या वादळात माझा डोळा लागला होता, तेव्हा ही पेटी उचलून छपराखाली कुणी नेली? दोन्ही पायांवर धावत होतास, गाढवा. एक डोळा उघडा होता माझा."

तामेकिचीचे कान तापले. मान वर होईना.

"जा की! गरम आहे तोवर खाऊन घे."

शिट्टी वाजली. तामेकिचीनं पट्टा सोडला आणि पळाला.

"कट! अरे, आता कशाला लंगडतोस? नीट पळ!"

पुन्हा शिट्टी. पुन्हा तेच. कठड्याला रेलून बघे खो खो हसत होते. तिसऱ्यांदा तो दात आवळून धावला, तरी बांधून बांधून आखडलेला डावा पाय सरळ होईना. अगदी कुरातासारखा झोक जात होता.

अकॉर्डियन थांबलं होतं. कुराता तेवढा हसत नव्हता. त्यानं अंगरख्यातून तेलाची बाटली काढली आणि रोजच्यासारखी तामेकिचीच्या जागेवर ठेवली.