दोघांचा बेत

ताईचं डोकं फिरलं ते नॅपकिन बघून.

एवढं नावाजलेलं हॉटेल! दारातच काचेच्या चौकटींत वर्तमानपत्रांची कात्रणं टांगलेली, इथे जेवून गेलेल्या बड्या लोकांचे दात दाखवणारे फोटो लावलेले, आणि इथलं टेबल मिळवायला तीन महिने आधी नंबर लावावा लागतो ही माहिती जावईबापूंनी विमानात दोनदा आणि टॅक्सीत एकदा दिलेली. समोर भर दुपारच्या उन्हात चकाकणारा समुद्र, पांढरी वाळू, फोटोत नीट याव्यात म्हणून लावल्यासारखी नारळाची झाडं. आणि मांडीवर घ्यायला दिलेला नॅपकिन मात्र उरेब कापलेला! कापडाचा धागा एकीकडे, कात्री भलतीकडे. दोन धुण्यांत त्याचं तोंड वाकडं होणार. ताईनं तो बोटांत धरून तिरका ताणला आणि नाक मुरडून परत टेबलावर ठेवला.

"ताई, समुद्र बघ ना," धाकटी म्हणाली.

"बघितला. कुठे पळून जाणार आहे तो?"

एकवीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईचे डोळे सुट्टीवर जात नाहीत, त्याला ती तरी काय करणार? बाजारातल्या गल्लीच्या तोंडाशी दोघी बहिणींचं शिवणाचं दुकान होतं. पुढे धाकटी बसायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, वहीत मापं लिहायची. पडद्यामागे ताईचं कापायचं टेबल, आणि त्याच्या पलीकडे शिलाई मशीनवर दोन बायका. मशीनवाल्या बदलत राहिल्या, टेबल आणि ताई तिथेच. धाकटी नऊ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून ताईनं तिचं सगळं केलं. शाळा केली, आजारपणं काढली, लग्न लावून दिलं. स्वतःच्या लग्नाचं तेवढं राहून गेलं. धाकटीच्या नवऱ्याला ती जावईबापू म्हणायची. आधी कौतुकानं म्हणायची, अलीकडे दात खाऊन. जावईबापू पूर्वी पडदे विकायचे, आता कल्पना विकायचे. पडदे निदान खिडकीला लावता यायचे.

तर या दोघांनी महिन्यापूर्वी अचानक टूम काढली. ताई, तू दमलीयस, तू कधी कुठे गेलीच नाहीस, चल समुद्रावर. खोटं कशाला सांगा, ताईला आनंद झाला होता. तिनं स्वतःसाठी तीन सुती झगे बेतले, नव्या चपला घेतल्या. पण इथे येऊन चार दिवस झाले, आणि या चार दिवसांत धाकटीनं तिच्या नजरेला नजर दिली नव्हती. उठताबसता "आराम कर, ताई." इतका आराम कोणी उगीच देत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

वाढपी आला. मिशीला पीळ दिलेला, पन्नाशीचा, पोट सावरत चालणारा गृहस्थ. दुपारच्या जेवणाचा बेत आठ पदार्थांचा आहे असं त्यानं जाहीर केलं आणि तिघांसमोर एकेक दगड ठेवला. दगडावर एक शिंपला. शिंपल्यात वाटाण्याएवढं काहीतरी.

"दगड खायचा नाही, बरं का," तो हसून म्हणाला. दिवसातून शंभरदा करत असेल हा विनोद.

"आठ पदार्थ असे आले तर दगडच खावा लागेल," ताई म्हणाली.

शेजारच्या टेबलावर एक भरल्या अंगाची बाई फोटोसाठी श्वास ओढून बसली होती. ताईनं सवयीनं मनातल्या मनात माप घेतलं. कंबर अडतीस. मोठ्यानं सांगायची छत्तीस.

ही तिची रीत शिवणकाम करणाऱ्या आईकडून आलेली. बाईचं खरं माप चारचौघांत उच्चारू नये, असं आईनं शिकवलं होतं. माप घेताना बाई पोट आत ओढते, मान वर करते, तोंड पाडते. तिला दोन इंच कमी सांगायचं, की ती खुलते, मोकळा श्वास घेते. मग खरं माप डोळ्यांत साठवायचं आणि कात्रीत द्यायचं. कोणाला दोन कमी, कोणाला तीन, डॉक्टरीणबाईंना तर चक्क चार. ताई मोठ्यानं खोटं सांगायची, पडद्यापलीकडे धाकटी तेच वहीत लिहायची, आणि ताई वही न उघडता खरं कापायची. कपडा पहिल्या फटक्यात बसायचा. ताईचा हातच तसा आहे, असं लोक म्हणायचे. धाकटीही तेच म्हणायची. तिनं एकवीस वर्षांत कात्रीला हात लावला नव्हता, त्यामुळे तिला हे कळायचं कारण नव्हतं, आणि सांगावं असं ताईच्या कधी मनात आलं नव्हतं. दोघी एकाच दुकानात असताना सांगायचं काय?

चौथी थाळी आली. पसरट, घमेल्याएवढी, आणि मधोमध माशाचा एक तुकडा, कोटाच्या बटणाएवढा. वाढप्यानं त्या माशाची जन्मकथा सांगायला घेतली. तो गेल्यावर धाकटीनं काट्यानं बटण इकडून तिकडे सरकवलं आणि थाळीकडे बघत म्हणाली, "ताई, पुढच्या महिन्यात आम्ही नव्या जागेत जातोय."

ताईनं काटा खाली ठेवला.

नवी जागा वगैरे तिला नंतर ऐकू आलं. आधी ऐकू आलं ते "आम्ही". एकवीस वर्षं त्या दुकानात "आपण" चालत आलं होतं. आपण सोमवारी उशिरा उघडू. आपण अस्तराचा व्यापारी बदलू. आपल्याला तिसरं मशीन लागेल. भांडतानासुद्धा "आपलं चुकलं" असंच भांडण व्हायचं. आणि आज हे आम्ही! आम्ही म्हणजे दाराच्या आतले, आणि ज्याला सांगतोय तो बाहेरचा. एका शब्दात धाकटीनं दार लावून घेतलं होतं आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

"आम्ही म्हणजे कोण?" ताईनं विचारलं.

"म्हणजे मी आणि हे."

मग जावईबापूंचा नळ सुटला. मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर शोरूम, सगळी काच, सगळं चकाचक. कापणं कारखान्यात, यंत्रावर. "कात्रीचा जमाना गेला, ताई. तुमच्या वह्यांतली मापं आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली. नऊशे बारा गिऱ्हाइकं! उद्घाटनाला त्यातल्या सव्वाशे नेहमीच्या बायकांना बोलावणार. प्रत्येकीला तिच्या मापाचा ड्रेस तयार, तिथेच घालून बघायचा, सगळ्यांसमोर, फोटोवाले उभे. सोमवारी माल कापायला जातोय."

"आणि गल्लीतली जागा?"

"सोडतोय."

"माझं टेबल?"

धाकटी पाणी प्यायली. "ते तिथे बसत नाही, ताई. फार मोठं आहे. आणि तुला आता आराम नको का? येत जा ना अधूनमधून. बघायला."

"बघायला! मी काय पाहुणी आहे?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. तीन महिने थांबून आलेत, काहीतरी बघायला मिळू दे त्यांना."

आता कळलं तीन महिन्यांचं. तीन महिन्यांपूर्वी यांनी हे टेबल सांगितलं, म्हणजे तीन महिने हे पोटात ठेवून दोघं तिच्यासमोर जेवत होती, हसत होती, तिच्याच हातचा चहा पीत होती. सुट्टी कसली, पेशंटला कापण्याआधी गुंगी देतात तसला प्रकार. जन्मभर ताईनं कापड बेतलं, आणि इथे या दोघांनी मिळून तिलाच बेतलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाटीवर मात्र 'ताई' असंच नाव राहणार हं!" जावईबापू उदारपणे म्हणाले. "लोकांचा विश्वास आहे त्या नावावर."

"वा. ताई पाटीवर आणि ताई घरी."

"तू ना, सगळ्याचं वाकडंच कर!" धाकटीचा बांध फुटला. "एकवीस वर्षं मी तुझ्या पडद्यापुढे बसलेय. तुझा खेकसणारा आवाज गिऱ्हाइकांना साखर लावून ऐकवलाय. तू कापड फेकून दिलंस तर मी त्यांच्या पाया पडलेय. आणि लोक काय म्हणतात? ताईचं दुकान. ताईचा हात. माझं नाव तरी माहीत आहे का कोणाला? ताईची बहीण! एकदा तरी विचारलंस मला, की तुला काय हवंय?"

हे लागलं. कारण ते खरं होतं. ताईनं कधी विचारलं नव्हतं. उष्ट्या हातानं तिनं नॅपकिन उचलला, पुन्हा ठेवला. क्षणभर तिला वाटलं, म्हणावं, चुकलं माझं, सांग आता काय हवंय. पण जावईबापू मध्येच बायकोच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे गं, वय झालं की असं होतं," आणि माफीचे शब्द ताईनं गिळून टाकले. बटणाएवढ्या माशापेक्षा ते बरेच मोठे होते.

तेवढ्यात खुद्द आचारी टेबलांवरून फिरत आला. दारावरच्या सगळ्या कात्रणांत होता तोच, उंच टोपीवाला. सगळे त्याच्याकडे देवदर्शनाला आल्यासारखे बघत होते. "कसं वाटलं जेवण?" त्यानं ताईला विचारलं.

"नॅपकिन उरेब कापलेत तुमचे," ताई म्हणाली. "कोणी कापले त्याला सांगा, धागा बघून कापायचं असतं."

आचाऱ्यानं टोपी सावरली. तो पुढच्या टेबलाकडे वळला. धाकटीनं कपाळावर हात मारला.

पाचवी, सहावी थाळी अबोल्यातच येऊन गेली, सातवी समोर आली. वाढप्यानंही भाषणं आवरती घेतली. शेजारची बाई आता फोटो विसरून पोट सोडून मजेत खात होती, आणि तिच्याकडे बघताना ताईच्या मनात सव्वाशे बायका उभ्या राहिल्या. काचेची शोरूम, फोटोवाले, हातात नवे ड्रेस. डॉक्टरीणबाई डोक्यातून ड्रेस घालतायत, तो छातीशी अडकलाय, चार इंच कमी, बाहेर लोक वाट बघतायत. त्या बिचाऱ्यांनी काय घोडं मारलं होतं? वीस वर्षं त्यांची लाज ताईनं जपली होती. एक वाक्य बोललं की ती वाचणार होती. शिवाय धाकटीही. आज गुरुवारच होता, सोमवारपर्यंत एकेक नाव आठवून प्रत्येकीचं खरं माप सांगता आलं असतं. ते फक्त ताईलाच येत होतं.

आणि नेमकं धाकटीनं विचारलं. आवाज उतरला होता, लहानपणी काही फोडून आली की उतरायचा तसा. "ताई, एक विचारू? वहीत सगळं आहे ना? तुझ्या डोक्यात, तोंडी असं काही राहिलं नाही ना?"

वाक्य ताईच्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. तिला फक्त एक शब्द हवा होता. फार नाही, एकच.

"कोणाच्या दुकानासाठी विचारतेस?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"सरळ प्रश्न आहे. दुकान कोणाचं?"

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं भुवई उडवली. धाकटी वळली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिनं ताईच्या डोळ्यांत बघितलं.

"आमचं, ताई."

ताईनं समुद्राकडे बघितलं. मग सातव्या थाळीतला शेवटचा घास तोंडात टाकला, नीट चावला, पाणी प्यायली.

"वहीत सगळं आहे," ती म्हणाली. "तूच लिहिलंयस ना, स्वतःच्या हातानं? तसंच कापा."

धाकटीचे खांदे खाली आले. तिला इतकं हलकं वाटलं की ती हसलीसुद्धा. जावईबापूंनी खुर्चीत अंग सैल सोडलं, बघ, मी म्हणत नव्हतो, असा चेहरा केला. आठवा पदार्थ आपल्या पसंतीचा होता; वाढपी गोडाची यादी घेऊन उभा राहिला. धाकटीनं खुर्ची ताईच्या जवळ ओढली, यादी दोघींच्या मध्ये धरली आणि जुन्या सवयीनं तिच्या दंडाला दंड लावून म्हणाली, "ताई, आता आपण काहीतरी छान गोड मागवू या."

"तुम्ही मागवा," ताई म्हणाली. "माझं झालं."