बटणांच्या डब्याला तीन तारा

मी एक जुना डबा आहे. मला एक लांब मान आहे, तीन तारा आहेत आणि झाकणाला वाटीच्या बुडाएवढे भोक आहे, म्हणून नवखी माणसे मला गिटार म्हणतात. म्हणू देत. पण मित्रांनो, मनातून मी डबाच आहे, आणि माझी गोष्ट डब्यापासूनच सुरू होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पातळ, वासाच्या लाकडाच्या सहा फळ्या, दोन बारीक बिजागऱ्या, एक पितळी कडी आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एका मिशाळ माणसाचे रंगीत चित्र, एवढे माझे भांडवल. माझ्यात पंचवीस सिगार भरले होते. ते कोणी ओढले ते मला विचारू नका. त्या धुराशी माझा काहीही संबंध नव्हता. मी रिकामा झाल्यावर एका बोटीवरच्या आचाऱ्याने मला मागून घेतले आणि माझ्यात बटणे ठेवली. भर समुद्रात सदऱ्याचे बटण तुटले तर दुकान कुठे शोधायचे? साऱ्या बोटीची बटणे माझ्या पोटात असायची.

या आचाऱ्याला एक सवय होती. मला उघडण्याआधी तो झाकणावर दोन बोटांनी टकटक करायचा. आत कोणीतरी राहते आणि त्याला विचारल्याशिवाय उघडायचे नाही, असा त्याचा थाट. मला ते फार आवडायचे. डब्याला एवढा मान कोण देतो?

पुढे आचारी म्हातारा झाला आणि मी त्याच्या मुलीकडे आलो, बटणांसकट. ती घरीच शिवणकाम करायची. खिडकीपाशी तिचे पायाने चालवायचे मशीन होते आणि मशीनच्या उजव्या हाताला माझी जागा. रोज सकाळी ती आधी मला पुसायची, मग मशीन. तिची नजर म्हणजे फुटपट्टी होती. सदऱ्यावरचे एक बटण दोराभर बाजूला गेले तरी ती उसवून पुन्हा लावायची. भिंतीवरचे कॅलेंडर कलले असले तर तिच्या घशाखाली चहा उतरत नसे.

तिचा नवरा वायरमन होता. एका गिरणीत त्याने सारी उमर काढली. त्याने जोडलेल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी असायची: हा जिना, हा पंखा, ही पाण्याची मोटार. खूण केल्याशिवाय तो बोर्डाचे झाकण लावत नसे. निवृत्त झाल्यावर त्याने घरातले दिवे, पंखे आणि दाराची घंटा दुरुस्त केली. ते झाल्यावर जे बिघडलेले नव्हते तेही दुरुस्त केले. मग मात्र तो नुसता येरझाऱ्या घालू लागला आणि बायकोच्या पायात पायात येऊ लागला.

त्याचा एक मित्र होता, रंगारी. हा गृहस्थ रंगाच्या रिकाम्या डब्यांना दांडे बसवायचा, त्यांवर तारा ताणायचा आणि बिनदिक्कत वाजवायचा. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला, "माझे सगळे पत्र्याचे. लाकडी डबा मिळाला ना वायरमन, तर आवाज असा गोड येईल बघ!"

वायरमनची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. माझ्या पोटातली बटणे जागच्या जागी गार पडली.

त्याच आठवड्यात बायको दोन दिवस बहिणीकडे गेली. वायरमनने माझी बटणे एका काचेच्या बरणीत ओतली आणि माझ्या झाकणाला भोक पाडले. मला विचारले नाही, तिलाही विचारले नाही. खोटे कशाला सांगू, दुखले. पण त्याचा हात हलका होता. जुन्या दाराच्या चौकटीची पट्टी तासून त्याने मला मान केली. तिच्यावर जाड तांब्याच्या तारेचे तुकडे मोजून मापून आडवे बसवले, कुठे बोट दाबले की कुठला सूर येतो ते कळावे म्हणून. कोणाच्या तरी मोडक्या गिटारीच्या तीन खुंट्या रंगाऱ्याने आणून दिल्या. शेवटी बायकोच्या तुटक्या लाकडी फुटपट्टीचा बोटभर तुकडा तारांखाली झाकणावर उभा केला. त्याला घोडी म्हणतात.

आता जरा नीट ऐका मित्रांनो, कारण पुढचा सगळा घोटाळा या घोडीचा आहे. घोडी चिकटवलेली नसते, ठोकलेलीही नसते. तारा तिच्यावरून जातात आणि त्यांच्याच दाबाने ती उभी राहते. शिवाय ती सरळ नसते. जाड तारेच्या बाजूने ती दोन-तीन दोऱ्यांच्या जाडीइतकी मागे सरकलेली असते. तशी असली तरच सगळे सूर खरे लागतात. वायरमनने ती तिरकी जागा शोधायला अख्खी दुपार घालवली. केसभर सरकवायची, तार छेडायची, कान द्यायचा, पुन्हा सरकवायची. शेवटी सूर लागला तेव्हा तो इतका खूश झाला की जन्मात कधी विसरला नव्हता ती गोष्ट विसरला. त्याने घोडीभोवती खूण केली नाही.

बायको परत आली. तिने आधी बरणी बघितली, मग मला.

"अहो, हा बाबांचा डबा होता."

"होता काय, आहे की! नुसती मान लावली," वायरमन म्हणाला. पण त्याचा आवाज पडलेला होता.

ती तडक मशीनवर जाऊन बसली. आठ दिवस बोलली नाही. घरात फक्त मशीनचा आवाज. तो बिचारा मला गॅलरीत नेऊन, चोरून वाजवल्यासारखा वाजवायचा. मी दोघांच्याही बाजूचा होतो, त्यामुळे माझी फार कुचंबणा झाली.

नवव्या दिवशी पाऊस पडत होता म्हणून तो खोलीतच वाजवत बसला. मध्येच ताल धरायला त्याने माझ्या झाकणावर दोन बोटांनी टकटक केले. मशीन थांबले.

"परत करा," ती म्हणाली.

"काय?"

"ते. टकटक."

त्याने पुन्हा केले. तिने हातात होते त्याच कापडाने डोळे पुसले. ते गिऱ्हाइकाचे कापड होते, पण त्या वेळी तिला भान नव्हते. "बाबा असंच करायचे," ती म्हणाली. त्या संध्याकाळपासून दोघांचे मेतकूट जमले. तो वाजवायचा आणि ती त्याच ठेक्यात पायाने मशीन चालवायची. एका सदऱ्याच्या बाह्या तर माझ्या गाण्यावर शिवून झाल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

आणि आठवड्याभराने, राग पुरता गेला म्हणून, ती मला रोज सकाळी पुन्हा पुसू लागली. दुर्दैव म्हणतात ते असे गोड हसत येते.

पहिल्याच दिवशी फडके फिरवता फिरवता तिचे लक्ष घोडीकडे गेले. "ह्यांचं काम म्हणजे ना," असे म्हणून तिने अंगठ्याने घोडी हळूच सरळ केली. मी ठणकन ओरडलो. तिला वाटले, मी आभार मानले.

संध्याकाळी वायरमनने मला मांडीवर घेतले. मोकळ्या तारा जुळवल्या, त्या जुळल्या. पण बोट दाबून वरच्या सुरांकडे गेला की जाड तार चढी लागायची. त्याने खुंट्या पिळल्या, सैल केल्या, पुन्हा पिळल्या. व्यर्थ. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच; खुंट्यांच्या ओढाताणीत घोडी जरा हलली, की सकाळी बायको ती पुन्हा सरळ करायची. तुम्ही म्हणाल, त्याने घोडीकडे का नाही बघितले? बघितले की, दोनदा बघितले! पण दोन-तीन दोऱ्यांचा फरक त्याच्या चष्म्यातून कुठला दिसायला? शिवाय महिन्यापूर्वीच कानाचे डॉक्टर त्याला म्हणाले होते, "डावा कान थोडा मंद झालाय, लक्ष ठेवा." तेव्हापासून तो धास्तावला होता. आपले कान चालले, असे ज्याने मनात धरले, तो डब्यात खोट कशाला शोधेल?

हे त्याने बायकोला सांगितले नाही. गुपचूप स्वतःची परीक्षा घ्यायचा. घड्याळापासून किती पावलांवर टिकटिक ऐकू येते ते मोजायचा. "आज पंखा जरा कमी वाजतोय ना?" असे सहज विचारायचा आणि ती "नाही बाई" म्हणाली की पुन्हा घड्याळाकडे वळायचा. वाजवणे रोज थोडे थोडे कमी होत गेले. मी सगळे बघत होतो. मला तीन तारा होत्या, पण तोंड नव्हते.

मग एका रविवारी रंगारी आपला पत्र्याचा डबा घेऊन आला. दोघे एकत्र वाजवायला बसले. दोन ओळी झाल्या आणि रंगाऱ्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने वायरमनकडे बघितले, आठी पुसली आणि म्हणाला, "वा! झकास!"

रंगाऱ्याने आजवर त्याला कधी वा म्हटले नव्हते. "दार करकरतंय का तू वाजवतोयस?" ही त्याची नेहमीची शाबासकी. वायरमनने खालमानेने गाणे संपवले. मित्र टाकून बोलतो तोवर सगळे ठीक असते, तो जपून बोलू लागला की समजायचे, असे काहीसे त्याच्या मनात आले असावे. रंगारी "येतो वहिनी" म्हणून गेला आणि वायरमन मला घेऊन बायकोच्या मशीनसमोर येऊन बसला.

मग तो म्हणाला, "अगं, तुझा डबा तुला परत देतो. भोक बुजवून देईन. बटणं ठेव."

"का? काय झालं?"

"माझे कान गेले. मला सूरच कळेनासा झालाय. रंगाऱ्याला दया आली आज माझी." असे म्हणून तो खुंट्या सैल करू लागला. त्याचे डोळे भरले होते. पुन्हा बटणे पोटात घ्यायला मी तयार होतो, त्यात कमीपणा नव्हता. पण तो असा बसलेला मला बघवत नव्हता.

एक तार सैल झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. आणि घोडी टपकन आडवी पडली, घरंगळली आणि मशीनच्या पायाशी गेली.

बायकोने ती उचलली. "अहो, हे तुटलं."

"तुटलं नाही. सुटंच असतं ते."

"चिकटवलेलं नव्हतं?"

"चिकटवून कसं चालेल? सुरावर बघून जरा तिरकं ठेवावं लागतं."

"तिरकं?" तिने घोडी उलटसुलट करून बघितली. "अहो, मी तर रोज सकाळी ते सरळ करते."

"रोज?"

"रोज. पुसताना. मला वाटलं तुमच्या हातून वाकडं बसलंय."

वायरमनने घोडी तिच्या हातातून घेऊन तारांखाली उभी केली. त्याने तारा पुन्हा ताणल्या. घाईत एक तार दोनदा निसटली. घोडी केसभर सरकवली, कान दिला, आणखी केसभर सरकवली. मग वरच्या टोकापर्यंत बोट नेऊन जाड तार छेडली. सूर खणखणीत लागला. माझा जीव भांड्यात पडला.

"आहेत!" तो ओरडला. "अगं, माझे कान आहेत!" आणि तो हसू लागला, हसता हसता रडू लागला.

तिलाही रडू फुटले. "दीड महिना एकटे झुरत होतात, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

"आणि तू? हात लावण्याआधी विचारायचंस तरी, की हे वाकडं का आहे म्हणून!"

"तुम्ही विचारलं होतंत, डबा कापू का म्हणून?"

वायरमनने माझ्या झाकणावरून हात फिरवला. मग खाली बघत तो म्हणाला, "नाही विचारलं. चुकलो." त्या आठ दिवसांच्या अबोल्यातही जे त्याच्या तोंडून निघाले नव्हते, ते त्या दिवशी निघाले. तिने नाक पुसले, मशीनच्या खणातून कापडावर रेघा मारायचा आपला खडू काढला आणि घोडीच्या दोन्ही बाजूंना, ती होती तशीच तिरकी, दोन रेघा मारल्या. फुटपट्टी नजरेच्या त्या बाईने मारलेल्या त्या पहिल्या तिरक्या रेघा असाव्यात. पुढच्या रविवारी रंगाऱ्याला खोटे "वा" म्हटल्याबद्दल दोघांनी मिळून असे फैलावर घेतले की तो बिनसाखरेचा चहा निमूटपणे पिऊन गेला.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. वायरमनचा डावा कान आता खरेच मंद झाला आहे, पण उजवा शाबूत आहे आणि आम्ही अजून वाजवतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, तारा गंजू देऊ नका. पण त्याच्यात काही वाकडे दिसले, तर बोट लावण्याआधी ज्याचे आहे त्याला विचारा. माझे हाल कोणी मला टाकून दिले म्हणून झाले नाहीत, माझी निगा राखताना झाले. माणसांचेही तसेच होत असावे. मी डबा, मला यातले फार कळत नाही.

खडूची रेघ फडक्याने पुसली जाते. म्हणून शिवणकाम करणारी आमची बाई रोज सकाळी घोडी सोडून बाकी सगळे पुसते, आणि जिथे रेघ फिकी झाली असेल तिथे ती पुन्हा गडद करते. पण त्याआधी ती एक गोष्ट करते. फडके हातात घेऊन माझ्या झाकणावर दोन बोटांनी टकटक करते आणि क्षणभर थांबते.