बोलण्याचे तीन बिल्ले

चष्मे बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे रेडिओताई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. फ्रेममध्ये काचा बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं आणि बोलण्यात तर नव्हतंच. सोमवारची मीटिंग तिच्यामुळे लांबते, यावर सगळ्यांचं एकमत होतं. खरं पाहता साहेबांचंही नमनालाच घडाभर तेल जायचं, पण साहेबांना रेडिओ कोण म्हणणार?

मीटिंगमधून काहीतरी निष्पन्न व्हावं म्हणून साहेबांनी एक सल्लागार आणला. त्याने प्रत्येकाला प्लास्टिकचे तीन बिल्ले दिले. एकदा बोललं की एक बिल्ला टेबलावर टाकायचा. बिल्ले संपले की तोंड बंद. साहेबांनी तिला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, विभागप्रमुखाची जागा तुम्हालाच द्यायचं माझ्या मनात आहे. पण आज एवढं जमवून दाखवा." घरून निघताना सासूबाईंनीही बजावलं होतं, "तोंडाला कुलूप लाव आणि किल्ली माझ्याकडे देऊन जा." ती हसली होती. पण ती जागा तिला मनापासून हवी होती.

आणि बिल्ले? पहिला गेला पंख्याच्या कुरकुरीवर. चहा थंड आहे असं कोणीतरी म्हणालं, त्यावर "परवाचा तर याहून थंड होता" हे सांगण्यात दुसरा गेला. तिसऱ्याच्या वेळी ती नुसतं "हो ना!" म्हणाली आणि सल्लागाराने हात पुढे केला. मीटिंगला अजून धड सुरुवातही झाली नव्हती.

मग ती गप्प बसली. म्हणजे तोंडाने गप्प; पाय टेबलाखाली हलत होता, बोटं पदराशी खेळत होती. खिडकीखाली गाडीत खोकी चढत होती. एका शाळेतल्या मुलांचे चष्मे होते ते, आजच वाटायचे होते. चष्म्यांचं काम तिच्याच देखरेखीखाली झालं होतं.

"आता आपण किती लक्ष देऊन ऐकतो ते बघू," सल्लागार म्हणाला. "उभे राहा. माझ्यासारखा उजवा हात वर करा!"

त्याने आपला उजवा हात वर केला. समोरच्या निम्म्या लोकांनी त्याच्याकडे बघून त्याच बाजूचा हात उचलला, म्हणजे स्वतःचा डावा. खोलीत हशा पिकला.

"बघा, समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो," तोही हसत म्हणाला.

तिला एकदम आपला ट्रे आठवला. काचांच्या नव्या ट्रेवर तिने एक चेहरा काढून चिकटवला होता. "ताई, उजवी कुठली?" असं नव्या मुली सारखं विचारायच्या, त्यांच्यासाठी. तो चेहरा काचा बसवणाऱ्याकडे बघणारा, आणि तिने घाईघाईत त्याच्या डोळ्यांखाली स्वतःच्या हिशेबाने डावा-उजवा लिहून टाकलं होतं. चेहऱ्याचा उजवा डोळा तर तिच्या डाव्या हाताला होता! मुलींनी चित्र बघून काचा बसवल्या. तपासणाऱ्यानेही चित्रावरच भरवसा ठेवला, कारण चित्र ताईंचं. त्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या दोन डोळ्यांचे नंबर वेगवेगळे होते. उजव्या डोळ्याची काच डाव्याला लागली की भोवळ, डोकेदुखी, पुस्तकाचा कंटाळा.

तिने हात वर केला.

"बिल्ला?" सल्लागाराने विचारलं.

शेजारी गोदामवाले अण्णा बसले होते. बोलण्याच्या बाबतीत कंजूष माणूस, तिन्ही बिल्ले शाबूत. त्यांनी एक हळूच तिच्याकडे सरकवला.

"उसनवारी नाही हं," सल्लागार म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

साहेबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती बसली. खाली गाडीचं दार आपटलं. मनात एक चोर बोलू लागला: मीटिंग संपू दे, मग गाडीवाल्याला फोन कर, खोकी गुपचूप परत आणव, कोणाला कळणारही नाही. जागा मिळेल, अब्रूही राहील. आणि फोन लागलाच नाही तर? गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तशी ती खुर्ची मागे ढकलून खिडकीशी धावली.

"थांब रे! गाडी थांबव! काचा उलट्या बसल्यात!"

मग वळून म्हणाली, "साहेब, ट्रेवरचं चित्र मी काढलं. डावं-उजवं उलटं लिहिलं. चूक माझी आहे."

खाली गाडी थांबली. साहेब खाली गेले, एक खोकं फोडलं, चार-दोन चष्मे तपासायला लावले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"जागेचं आता राहू द्या," ते म्हणाले. "शाळेला फोन तुम्हीच करा."

तिला रडू येत होतं, पण तिने फोन लावला. मुख्याध्यापिकाबाईंना काहीही न लपवता सांगितलं. चष्मे आज येणार नाहीत; चूक झाली, माझ्या हातून झाली. नवा ट्रे मागच्या महिन्यापासून वापरतोय, तेव्हापासून तुमच्याकडे आलेले चष्मेही तपासायला परत पाठवा.



"अहो, मागच्या खेपेतला एक मुलगा रोज म्हणायचा, बाई, जमीन वाकडी दिसते," पलीकडून बाई म्हणाल्या. "चष्मा काढून ठेवायचा. आम्हीच त्याला दटावलं. म्हटलं, गप्प बस, होईल सवय. आता तो काहीच म्हणत नाही."

मागे खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"त्याला बोलवा ना जरा," ती म्हणाली. "मला त्याच्याशी बोलायचंय."