फिनिक्सचा ठिपका

शनिवारी चर्चच्या तळघरात घेवड्याची पंगत बसली आणि ड्वाइट हॅन्सकमनं भिंतीवर नकाशा चिकटवला. ड्वाइट विमे विकायचा आणि यंदा आमदारकीला उभा होता, लॉरेन पेल्कीच्या विरोधात. लॉरेन चार वर्षं इथली आमदार. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तरेकडचं हे गाव निम्मं रिकामं झालं होतं; तरण्या पोरांनी केव्हाच बिऱ्हाडं हलवली होती.

नकाशाभर तांबडे ठिपके होते.

"हे लॉरेनबाईंचे देणगीदार," ड्वाइट म्हणाला. "निवडणूक कचेरीच्या यादीतून काढलेत. टेक्सस, फ्लोरिडा, फिनिक्स! आपल्या गावातून एक छदाम नाही. मग या बाई राजधानीत ऐकणार कुणाचं?"

घेवडा वाढणाऱ्या लॉरेनच्या हातातला डाव तसाच राहिला. ती नावं तिनं वाचली होती. सगळी गाव सोडून गेलेली पोरं. लांब जाऊनही विसरली नाहीत, म्हणून तिला तेव्हा भरून आलं होतं.

मागच्या टेबलावरून ओनिडामावशी उठली. ऐंशी पार केलेली ही बाई गावातल्या प्रत्येकाचा वाढदिवस, न विसरता, तोंडपाठ सांगायची.

"ए ड्वाइट, फिनिक्सचा ठिपका माझा आहे," ती कडाडली. "बँक गेली गावातून, चेक लिहिणार कशावर? आणि ते फोनवरचं मला काय जमतंय? लेकीला म्हटलं, तुझ्या कार्डावरून भर पंच्याहत्तर डॉलर. थँक्सगिव्हिंगच्या सणाला आली तेव्हा रोख फेडले. परका पैसा म्हणे!"

टाळ्या पडल्या. आणखी दोघंतिघं खुर्च्या सरकवून उठू लागली. त्यांचेही ठिपके होते तर!

लॉरेनला वाटलं, धावत जाऊन म्हातारीला मिठी मारावी. आणि त्याच क्षणी तिला कायदा आठवला. दुसऱ्याच्या नावानं देणगी देणं गुन्हा होता. देणाऱ्याला दंड, ज्याच्या नावानं दिली त्यालाही. आणि ड्वाइटनं नावं टिपायला खिशातून पेन काढलं होतं.

"बसा सगळे!" लॉरेन ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ड्वाइट बरोबर बोलतोय. पैसा बाहेरचाच आहे. सोमवारी मी सगळा परत करते."

"अगं पण मी स्वतः..."

"मावशी, तुझा घोटाळा होतोय. वयानं होतं असं. तू काही दिलेलं नाहीस."

ओनिडामावशीनं लॉरेनकडे बघितलं. लॉरेननं नजर वळवली नाही. वळवली असती तर रडली असती.

"हो का?" म्हातारी हळूच म्हणाली. "होत असेल बाई घोटाळा."

ती खाली बसली. शेजारणीनं, लहान मुलाला द्यावा तसा, तिच्या हातात चमचा दिला.