मायलेकींच्या मधले फाटक

मी एक जुने लाकडी फाटक आहे. फाटक म्हटल्यावर लोखंडाचे, भले मोठे कुलूप लावलेले, शेजारी पहारेकरी बसलेला असे काही तुमच्या डोळ्यांसमोर आले असेल, तर मित्रांनो, तुमची निराशा होईल. मी मोठ्या माणसाच्या जेमतेम कंबरेएवढे आहे. मला कुलूप नाही, एक साधी लाकडी खिट्टी आहे. सध्या मी एका छोट्या खोलीच्या दारात भिंतीला टेकून उघडे उभे आहे आणि माझ्यावर घरातले ओले टॉवेल वाळत आहेत.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. कुणाच्या तरी पलंगाच्या पट्ट्या उरल्या होत्या, त्या त्याने जपून बाजूला ठेवल्या होत्या. तेव्हा त्याची लेक नुकतीच रांगू लागली होती. रांगू लागली म्हणजे काय, सुटलीच होती! डोळ्याची पापणी लवायच्या आत ती स्वयंपाकघरातून जिन्यापाशी पोचायची. तिच्या या गरगर फिरण्यामुळे आजीने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि खरे नाव कागदोपत्रीच राहिले. घर वरच्या मजल्यावर आणि जिना अगदी दाराच्या तोंडाशी. आजीचा जीव दिवसभर टांगणीला लागलेला असे.

सुताराने मला करताना जीव ओतला. तिच्या बोटात कुसळ जाऊ नये म्हणून माझी एकेक पट्टी पॉलिश पेपरने घासून घासून गुळगुळीत केली. रंग मात्र लावला नाही, कारण भिंगरी दिसेल ते तोंडात घालायची. मला जिन्याच्या तोंडाशी बसवले, तेव्हा आजीने मला एकदा हलवून पाहिले आणि लेकाला म्हणाली, "एवढा हाडाचा सुतार तू, आणि पोरीला पहिली वस्तू काय करून दिलीस, तर तुरुंग!"

भिंगरीला हा तुरुंग फार आवडला. तिने मला दात येताना चावले, चमचा घेऊन माझ्या पट्ट्यांवरून खर्र खर्र फिरवला, माझ्या आडून दुकान मांडले. संध्याकाळी आई कामावरून यायची आणि जिन्याच्या खालच्या पायरीवरूनच हाक मारायची. मग भिंगरी मला दोन्ही हातांनी धरून इतकी हलवायची, की माझ्या बिजागऱ्या कुरकुरायच्या. आई वर पोचली की खिट्टी निघायची आणि पिशवी, चपला, भिंगरी यांचा एकच गोंधळ माझ्यापाशी व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा म्हणाल्या, "असंच एक आम्हालाही करून द्या हो." मला त्या दिवशी फार बरे वाटले होते.

मग ती साथ आली.

तुम्हाला ती आठवत असेल किंवा घरच्यांनी सांगितली असेल. शाळा बंद, दुकाने बंद, सुताराचा कारखानाही बंद. भिंगरीच्या आईचे काम मात्र बंद होण्यासारखे नव्हते. ती इस्पितळाच्या धुलाईघरात होती. आजारी माणसांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे अंगरखे रोज ढिगाने तिच्यासमोर येऊन पडत. इकडे घरात आजी होती, आणि आजीची फुप्फुसे आधीच अधू. जिना चढून आली की कितीतरी वेळ तिला बोलवत नसे.

एका दुपारी तिघे मोठे माझ्यापाशी उभे राहून बोलत होते.

"मी काम सोडते," आई म्हणाली.

"आणि खायचं काय? भुसा?" सुताराने चेष्टा केली, पण कुणाला हसू आले नाही.

"मग मीच धाकट्याकडे जाते," आजी म्हणाली.

"गाड्या बंद आहेत, आई. आणि त्याच्या एका खोलीत पाच माणसं आहेत. तिथं काय कमी धोका आहे?"

मग सुताराची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

जिन्याच्या बाजूला एक छोटी खोली होती. तो तिथे लाकूड आणि हत्यारे ठेवायचा. ती रिकामी करून तिथे आईचे अंथरूण टाकले आणि मला त्या खोलीच्या चौकटीला बसवले; जिन्याच्या तोंडाशी माझ्याऐवजी एक आडवी फळी आली. आई जिन्यावरून थेट तिथे जाणार, तिथेच जेवणार, तिथेच झोपणार. आजी आतल्या खोलीत राहणार. दार लावून घेतले असते तर भिंगरीला आई दिसलीच नसती, म्हणून दार उघडे आणि मी बंद असा तोडगा निघाला. आजवर मी भिंगरीला जिन्यापासून वाचवले होते. आता मी तिला आईपासून अडवणार होते.

पहिल्या संध्याकाळी भिंगरी नेहमीसारखी धावत आली. आई खिडकी सताड उघडून, तोंडाला मास्क बांधून, पार त्या टोकाच्या भिंतीशी बसली होती. भिंगरीने मला हलवले. खिट्टीकडे बोट दाखवले. मग माझ्या दोन पट्ट्यांमधून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बोटे हलवत राहिली.

"उद्या हं, सोने," आई म्हणाली. तिने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

उद्या काही आले नाही. भिंगरीने घर डोक्यावर घेतले. ती मला लाथा मारी, चावे, माझ्यापाशीच रडता रडता झोपून जाई. मला तिचा राग आला नाही, उलट तिने माझ्यावरच रागवावे असे मला वाटे. मी कंबरेएवढे. आईने मनात आणले असते तर एक टांग टाकून तिने मला ओलांडले असते. ती रोज माझ्याकडे बघायची आणि बसून राहायची. तिचे ते बसणे पाहून मला माझे ताठ उभे राहणे नकोसे होई.

सुताराची पार दमछाक झाली होती. स्वयंपाक, आजीची औषधे, पोरीचे रडणे, हातात काम नाही. एका संध्याकाळी खालून आईची हाक आली आणि तिच्या आधी आत जाऊन बसायला भिंगरी रडत रडत माझ्यावर चढू लागली. एक पाय वर गेलाही होता. सुतार धावत आला, तिला खाली ओढले आणि ओरडला, "आईला हात लावलास ना, तर आजी मरेल! कळलं?"

भिंगरीचे रडणे खट्कन थांबले. तिने माझ्या पट्टीवरची बोटे एकेक करून काढून घेतली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

सुताराचा चेहरा पडला. शब्द तोंडातून गेला होता. तो तिला जवळ घेऊन काही बोलणार होता, पण घरात कितीतरी दिवसांनी शांतता झाली होती. दुसऱ्या दिवशीही भिंगरी रडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग त्यानेही तो विषय काढला नाही. "मोठी झाली गं पोर, समजूतदार झाली," असे तो आईला म्हणाला. आईने मान डोलावली, कारण तो काय बोलला होता हे तिला ठाऊक नव्हते. ती तेव्हा खाली नळावर हात धूत होती. आजी आतल्या खोलीत होती. ते वाक्य ठाऊक असलेले आम्ही तिघेच, बाप, लेक आणि मी. त्यातले मी मुके.

मित्रांनो, मी उगाच उभे होते असे मात्र समजू नका. पुढे आई खरेच आजारी पडली. तेव्हा माझ्यामागचे दारही लावून घेतले होते आणि तिचा खोकला दारातून ऐकू यायचा. सुतार ताट माझ्यापाशी ठेवून मागे सरायचा. धुलाईघरात तिच्या शेजारी काम करणाऱ्या बाईच्या घरी तेच झाले, पण त्या घरात मधे फाटक नव्हते. तिचे सासरे गेले आणि तिला त्यांचे शेवटचे तोंडही बघायला मिळाले नाही. आमच्या आजीला साधी शिंकसुद्धा आली नाही. आई बरी झाली, तेव्हा आजीने आतूनच मला हात जोडले. "या फाटकानं मला राखलं," असे ती फोनवर सगळ्यांना सांगत सुटली. एवढे कौतुक माझ्या वाट्याला कधी आले नव्हते, आणि ते ऐकताना मला जमिनीत गाडून घ्यावेसे वाटत होते.

दिवस गेले, लशी आल्या, इस्पितळातली गर्दी ओसरली. एका सकाळी सुताराने माझी खिट्टी काढली आणि मला मागे ढकलून भिंतीला टेकवले. आई जमिनीवर बसली. तोंडावर मास्क नव्हता. तिने हात पसरले.

"ये गं माझी भिंगरी!"

भिंगरी आली. मी जिथे बंद असायचे तिथपर्यंत आली आणि थांबली. तिने मागे वळून आजीकडे पाहिले. मग हात पाठीमागे घेतले आणि आत निघून गेली.

"लाजतेय," सुतार म्हणाला.

"सवय मोडलीय, होईल हळूहळू," आजी म्हणाली.

आईचे पसरलेले हात कितीतरी वेळ तसेच राहिले.

पण ते हळूहळू काही होईना. भिंगरी हसायची, बोलायची, शाळेतल्या गमती सांगायची, पण हातभर अंतर राखून. आईने खाऊ दिला तर म्हणायची, "खाली ठेव, मी घेते." वेणी बाबांनी घालायची. झोपायचे आजीजवळ. आईचा चुकून धक्का लागला, तर लगेच आत जाऊन आजीला न्याहाळून यायची. आजीला वाटायचे, पोरीचा आपल्यावर किती जीव! आणि तेच तिला खायचेही. एकदा ती लेकाला म्हणाली, "माझ्या चार श्वासांसाठी त्या दोघींची ताटातूट केली रे आपण. मी जगले, पण मला तोंड वर करून सुनेकडे बघवत नाही." सुताराने मान खाली घातली. मला वाटले, आता सांगेल. पण तो हत्यारांची पेटी उचलून कामाला गेला.

भिंगरी पाच वर्षांची असताना तिला एकदा ताप आला. साधाच ताप, मुलांना येतो तसला. दुपारी ती शाळेतून आली, कुणाशी बोलली नाही, थेट छोट्या खोलीत गेली. तिने माझ्यावरचे टॉवेल खाली टाकले, मला ओढून बंद केले आणि आतून खिट्टी लावली. ताडकन उडावे तशी माझी अवस्था झाली. इतक्या दिवसांनी मला बंद केले होते, आणि तेही तिने.

आई धावत आली. "अगं, काय झालं? अंग तापलंय का तुझं? उघड बघू."

"येऊ नको!" भिंगरी त्या टोकाच्या भिंतीशी जाऊन बसली होती, आई बसायची तिथेच. "कुणीच येऊ नका. आजी मरेल."

"असं कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. तुला हात लावला की आजी मरणार. म्हणून मी नाही लावत."

सुतार जिन्यावरून वर येत होता. तो शेवटच्या पायरीवर तसाच थबकला. आईने वळून त्याच्याकडे पाहिले. मित्रांनो, तशी नजर मी पुन्हा कधी पाहू नये.

"तेव्हा मी... एकदाच बोललो होतो," तो म्हणाला. "नंतर सांगणार होतो. ती गप्प झाली, आणि मी... मला तेवढं गप्प हवं होतं गं."

आईने खिट्टी शोधली नाही. साडी गुडघ्यापर्यंत वर ओढली, माझ्यावर हात रोवला आणि टांग टाकून पलीकडे गेली. तिच्या वजनाने माझी वरची बिजागरी निखळली. भिंगरी किंचाळली, "नको, आई, नको!" तिने हातापायांनी आईला ढकलले, बोचकारले. आईने तिला तशीच उचलली आणि छातीशी घट्ट धरली.

गडबड ऐकून आजी भिंतीला धरत धरत आली. मी एकाच बिजागरीवर लोंबकळत होते. तिने मला बाजूला सारले, धापा टाकत आत गेली आणि त्या दोघींच्या शेजारी जमिनीवर बसली. जरा श्वास आल्यावर तिने भिंगरीची हनुवटी वर केली.

"बघ माझ्याकडे. आहे ना मी? मी म्हातारी आहे, बाळा. एक दिवस मरेन. खोकल्यानं मरेन, नाहीतर वयानं मरेन. तुझ्यामुळे नाही मरणार. तुझ्या एवढ्याशा हातात तेवढं बळ नाहीच मुळी."

"मग मी आईला हात लावू?"

"लाव की."

भिंगरीने आधी एक बोट लावले, आईच्या गालाला. मग आजीकडे पाहिले. आजी बसली होती तशीच बसलेली होती. मग दुसरे बोट लावले. पुन्हा आजीकडे पाहिले. असे करता करता तिने अख्खा हात लावला. सुतार उंबऱ्यापाशी उभा होता. आत यायला त्याला आता कुणी अडवत नव्हते, तरी तो आत आला नाही.

त्याने मला दुसऱ्या दिवशी दुरुस्त केले, पण भिंगरी अजूनही आईच्या कुशीत शिरण्याआधी कधी कधी मागे वळून बघते. ते बघणे कुठल्याही पॉलिश पेपरने घासून जात नाही.

मित्रांनो, फाटके लावायची वेळ पुन्हा आली, तर जरूर लावा. आजी आजही खिडकीत बसून भिंगरीला गोष्टी सांगते, म्हणून मी लावू नका असे म्हणणार नाही. फक्त घरातल्या लहानग्याच्या हातात कुणाचे मरण देऊ नका. तो रडेल, घर डोक्यावर घेईल, तेव्हा त्याला माझ्यापाशी आणा आणि सांगा, "हे फाटक वाईट आहे. हेच आईकडे जाऊ देत नाही. मार त्याला." मी पलंगाच्या जाड पट्ट्यांचे आहे. भिंगरीने मला आयुष्यभर लाथा मारल्या असत्या, तरी मला काही झाले नसते.